सिफिलिस आणि मनोविकार: सरळ रेषेत सांगितलेल्या गोष्टीची उलटतपासणी

मेंदू आणि प्रतिकारशक्ती, संसर्ग आणि नैराश्य, आतड्यातले जिवाणू आणि स्किझोफ्रेनिया, असा कुठलाही विषय घेऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात की प्रस्तावनेत एक परिच्छेद हमखास येतो. थोडाफार असा: १८२२ मध्ये बेल यांनी एक आजार वेगळा ओळखला, १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सिफिलिसचा जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमन यांनी रक्ततपासणी दिली, १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना तोच जंतू वेड्यांच्या मेंदूत दिसला, मग पेनिसिलिन आलं आणि वेडाचा एक अख्खा प्रकार इतिहासजमा झाला. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘त्याच धर्तीवर इतर मनोविकारांमागेही...’

यातल्या प्रत्येक सनावळीला खूण करून बघा, बरोबर येईल. तरीही हा परिच्छेद फसवा आहे असं माझं मत आहे. का, ते सांगतो. पीएचडी प्रवेश परीक्षेची, कोर्सवर्कची तयारी करणाऱ्यांनी हे वाचावं, कारण मुलाखतीत ‘कार्यकारणभाव कसा सिद्ध कराल?’ हा प्रश्न येतो आणि उत्तर म्हणून आपण नेमकी हीच गोष्ट सांगतो.

आधी आजार समजून घेऊ. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू. शरीरसंबंधातून किंवा आईकडून गर्भाला लागतो. आधी न दुखणारा व्रण, मग अंगावर पुरळ, मग सगळं शांत. उपचार झाले नाहीत तर काही लोकांत दहा, पंधरा, वीस वर्षांनी मेंदूवर परिणाम दिसतो. आपण फार मोठे आहोत, आपल्याकडे अमाप संपत्ती आहे असे भ्रम, बोबडी वळणं, हात थरथरणं, स्मृती जाणं, झटके, पांगळेपणा आणि दोन-चार वर्षांत मृत्यू. याला जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन म्हणत, थोडक्यात जीपीआय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत भरती होणाऱ्या दर दहा पुरुषांत एखाद-दुसरा या आजाराचा असे. लहानसहान प्रकरण नव्हतं हे.

आता पहिली कडी. आंत्वान बेल. पॅरिसजवळच्या शारांतों इथल्या रुग्णालयातल्या सहा रुग्णांवर त्यांनी आपला प्रबंध लिहिला तेव्हा वय होतं तेवीस. (म्हणजे आपल्याकडे माणूस एमएस्सीचा निकाल लागायची वाट बघत असतो त्या वयात.) पण बेल यांनी सिफिलिसचं नाव कारण म्हणून पुढे केलंच नव्हतं. त्यांचा दावा होता की मेंदूच्या आवरणाला जुनाट दाह होतो आणि त्यातून वेड आणि पांगळेपणा दोन्ही येतात. सिफिलिसचा संबंध एस्मार्क आणि येसेन यांनी १८५७ मध्ये सुचवला आणि पुढची चाळीस वर्षं तो वादाचा विषय राहिला. विरोध करणारे मूर्ख नव्हते. वीस वर्षांपूर्वीचा व्रण आणि आजचं वेड यांचा संबंध लावायचा कसा? रुग्णाला आठवत नाही, आठवलं तरी सांगत नाही, आणि सिफिलिस झालेल्या बहुसंख्य लोकांना वेड लागतच नाही.

१८९७ मध्ये क्राफ्ट-एबिंग यांनी मॉस्कोच्या परिषदेत एक प्रयोग मांडला. जीपीआय झालेल्या, पण पूर्वी सिफिलिस झाल्याची नोंद नसलेल्या नऊ रुग्णांना सिफिलिसच्या व्रणातला द्रव टोचला. एकालाही नवा व्रण उठला नाही. म्हणजे त्यांना तो आजार आधीच होऊन गेला होता. तर्क म्हणून हे देखणं आहे, आणि आपली पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. मी दोन गोष्टी विचारतो. टोचलेला द्रव जिवंत होता हे दाखवायला एखादा तुलनेचा गट होता का? तो ठेवायचा म्हटला तर निरोगी माणसाला सिफिलिस देणं आलं, म्हणजे हा प्रयोग पूर्ण करणंच शक्य नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून उघड आहे. त्या नऊ जणांना कुणी विचारलं होतं? वेड्यांच्या इस्पितळातला माणूस नकार देऊ शकत नाही, म्हणून तर तो निवडला गेला. प्रस्तावनेत हा प्रयोग ‘ऐतिहासिक’ म्हणून लिहिताना हे अर्ध्या वाक्यात का होईना, लिहा.

सगळ्यात जास्त वेळ मला वासरमन चाचणीवर घालवायचा आहे, कारण सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे खरा धडा मिळतो. वासरमन, नायसर आणि ब्रुक यांची १९०६ ची कल्पना सरळ होती. सिफिलिस झालेल्या माणसाच्या रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं असणार. ती पकडायला जंतू असलेला पदार्थ हवा. जंतू तर प्रयोगशाळेत वाढत नव्हता (आजही साध्या माध्यमावर तो वाढत नाही). म्हणून त्यांनी सिफिलिसने दगावलेल्या गर्भाचं यकृत वाटून त्याचा अर्क घेतला. चाचणी चालली. त्याच वर्षी वासरमन आणि प्लाउट यांनी जीपीआयच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तिथेही चालली. सिद्धांत बरोबर ठरला म्हणून सगळे खूश.

आणि मग १९०७ मध्ये लांडस्टायनर आणि इतरांनी दाखवलं की सिफिलिसग्रस्त यकृताची गरजच नाही. निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्कही तेवढंच काम करतो! म्हणजे चाचणीत पकडली जाणारी प्रतिपिंडं त्या जंतूविरुद्धची नव्हतीच. ती होती आपल्याच पेशींत असणाऱ्या एका मेदाविरुद्ध. तो मेद १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी वेगळा काढला, हृदयातून मिळाला म्हणून नाव कार्डिओलिपिन. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यापासून खासगी लॅबपर्यंत जी व्हीडीआरएल चाचणी होते ती याच कार्डिओलिपिनवर चालते. चुकीच्या कारणासाठी बांधलेली चाचणी बऱ्यापैकी बरोबर उत्तर देत राहिली. ही हकिगत लुडविक फ्लेक या पोलिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये एका छोट्या पुस्तकात उलगडली आणि विचारलं की वैज्ञानिक तथ्य ‘सापडतं’ की अनेक लोक मिळून, चुकत-माकत, हात बसवत ते घडवतात? कोर्सवर्कच्या संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण गृहीतक, चाचणी, निष्कर्ष असे बाण काढतो. वासरमनचा बाण भलतीकडे मारलेला होता आणि तरी नेमका लागला. हे बाणांच्या आकृतीत बसवून दाखवा बघू.

नोगुची आणि मूर यांचा १९१३ चा शोधनिबंध मात्र मला मनापासून आवडतो. जीपीआयने मेलेल्या ७० जणांच्या मेंदूंचे काप रंगवून तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे काम काय आहे ते ज्याने कधी काप तपासलेत त्यालाच कळेल. पण जंतू किती मेंदूंत दिसला? सुमारे पाचव्या हिश्श्यात. उरलेल्या चार हिश्श्यांत दिसला नाही. ते नक्कीच म्हणू शकत होते की जंतू विरळ असतो, रंग नीट बसत नाही, आजार आटोपल्यावर तो उरत नाही. ही कारणं पुढे पटण्यासारखी ठरली. माझा मुद्दा इतकाच की आज तुम्ही मार्गदर्शकांकडे ‘७० पैकी पाचव्या भागात सापडलं’ असा निकाल घेऊन गेलात तर काय ऐकाल, कल्पना करा. हा पुरावा वजनदार वाटला कारण तोपर्यंत बाकीचे तुकडे जमले होते: रक्ताची चाचणी, कण्यातल्या पाण्याची चाचणी, रुग्णांचे जुने इतिहास. एकट्या शोधनिबंधाने काही सिद्ध केलं नाही.

आणि उलट बाजू? सिफिलिस झाला तर जीपीआय होण्याची शक्यता किती? याचं सगळ्यात चांगलं उत्तर ओस्लोमधून येतं. बोएक नावाच्या डॉक्टरांना पाऱ्याचे उपचार घातक वाटत, म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्यांनी सुमारे दोन हजार रुग्णांना पारा दिलाच नाही. १९५५ मध्ये गेस्टलँड यांनी त्यांच्यातल्या शेकडो लोकांचा पुढचा माग काढला. उपचार न झालेल्या शंभरांत जीपीआय झालेले साधारण दोन ते तीन. जंतू आवश्यक आहे, पुरेसा नाही. उरलेल्या सत्त्याण्णव जणांचं काय वेगळं होतं, हा प्रश्न पेनिसिलिन आल्यावर कुणालाच निकडीचा वाटला नाही. ‘एक जंतू, एक वेड’ या घोषणेत ते सत्त्याण्णव जण गायब आहेत.

मलेरिया उपचाराबद्दल फार लिहीत नाही. वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये जीपीआयच्या नऊ रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला, तापाने काही सुधारले, १९२७ मध्ये नोबेल मिळालं. तुलनेचा गट नव्हता, जीपीआय कधी कधी आपोआपही काही काळ ओसरतो, आणि ताप झेपेल असे धडधाकट रुग्णच निवडले जाण्याची शक्यता दाट. उपयोग झाला असेलही. किती झाला, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. या रोगाची आपल्या भाषेतली नावं बघा: गरमी, उपदंश, फिरंग. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्रांनी ‘फिरंग’ वेगळा रोग म्हणून सांगितला, नावातच तो कुणाबरोबर आला ते आहे. त्याच शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता चोपचिनीबद्दल लिहीत होता, त्याचं पुस्तक गोव्यातच १५६३ मध्ये छापलं गेलं. भावप्रकाशात फिरंगाचे उपद्रव दिले आहेत: कृशता, बळ जाणं, नाक बसणं, भूक मंदावणं, हाडं झिजणं आणि वाकणं. वेड त्या यादीत नाही. निरीक्षण कच्चं होतं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांचा खंड पडला तर दोन टोकं जोडायला एकाच रुग्णाची वीस वर्षांची नोंद लागते, आणि ती युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाकडे नव्हती. मराठीत या सगळ्याला पुढे ‘गुप्तरोग’ हा शब्द चिकटला. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं कामजीवनाबद्दल उघडपणे लिहीत राहिले, खटले झेलले, तरी शब्दातला ‘गुप्त’ गेला नाही. जो आजार लपवला जातो त्याची मोजणी कशी होणार?

मोजणीवरूनच वसाहतकाळातलं एक विधान घेऊ. त्या वेळच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं की इथल्या लोकांत सिफिलिस भरपूर, पण जीपीआय दुर्मीळ. क्रेपेलिन १९०४ मध्ये जावाला गेले, त्यांनाही तिथल्या स्थानिक रुग्णांत जीपीआय दिसला नाही. यावर स्पष्टीकरणं आली. एक असं की जीपीआय हा ‘सुधारलेल्या’ मेंदूचा आजार आहे, साध्या लोकांच्या मेंदूवर तेवढा ताणच नसतो. दुसरं असं की इथे मलेरिया एवढा, की तापच लोकांना वाचवतो. आजही आढावा लेखांत ‘भारतात प्रमाण कमी होतं’ असं एक वाक्य टाकून लोक पुढे जातात. मला हे वाक्य खटकतं. प्रमाण म्हणजे अंश भागिले छेद. अंश कुठून आला? वेड्यांच्या इस्पितळातून. तिथे कोण पोचत होतं? १८५८ च्या कायद्याखाली पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेले लोक, म्हणजे रस्त्यावर गोंधळ घालणारे, बेवारस. घरात माडीवर, गोठ्याशेजारच्या खोलीत सांभाळला जाणारा पन्नाशीचा थरथरता माणूस तिथे पोचतच नव्हता. आणि पोचला तरी सरासरी आयुष्य जिथे तुटपुंजं, तिथे तिशीत संसर्ग झालेला किती जण पन्नाशी गाठत होते?

नोंदींचा दर्जा काय होता यावर सुदैवाने एक भक्कम पुरावा आहे, आणि तो भलत्याच विषयातून आलाय. १८९३-९४ चा भांग-गांजा आयोग. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवहीत ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे आणि त्यात सर्रास ‘गांजा’ लिहिलेलं असे. आयोगाने १८९२ या वर्षातल्या अशा नोंदी एकेक करून उकरल्या, नातेवाइकांना गाठलं, पोलिसांचे कागद पाहिले. गांजाच्या नावावर टाकलेल्या निम्म्याहून जास्त नोंदी टिकल्या नाहीत. रकाना भरायचा होता, माणूस गोसाव्यासारखा दिसत होता, पोलिसाने गांजा सांगितला, डॉक्टरांनी लिहिला. आमच्या दोन्ही बाजूंना, रत्नागिरी आणि धारवाडला, तशी इस्पितळं होती. ज्या वह्यांत गांजा असा शिरला, त्याच वह्यांत सिफिलिस नाही म्हणून तो नव्हता, असं कसं म्हणायचं?

कोल्हापूरकरांना नोंद कोण करतो या प्रश्नाचं वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही. १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असं ठरवलं गेलं. वेड खरं की छळातून आलेलं, की लादलेलं, यावर त्या वेळी महाराष्ट्र ढवळून निघाला. कारभारी बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने आरोप केले, आधाराला घेतलेली पत्रं कोर्टात टिकली नाहीत, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. महाराज २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर गेले. वय अवघं वीस. स्पष्ट सांगतो, या प्रकरणाचा सिफिलिसशी काहीही संबंध नाही आणि तो कुणी जोडूही नये. मी ते आणतोय ते कागदासाठी. एका राजाच्या वेडाबद्दल दरबार, रेसिडेन्सी, वर्तमानपत्रं आणि कोर्ट एवढे कागद असताना आज आपण निदान करू शकत नाही. मग नीत्शेपासून कुणालाही ‘त्याला सिफिलिस होता’ असं घरबसल्या ठरवणाऱ्या शोधनिबंधांवर किती विश्वास ठेवायचा? नीत्शेचं निदान त्याच्या हयातीत डॉक्टरांनी केलेलं होतं, तरी त्यावर आजही वाद आहेत. मेलेल्या माणसाचं निदान हा वाचायला मजेशीर प्रकार आहे. पुरावा म्हणून तो प्रस्तावनेत घालू नका.

‘त्याच धर्तीवर’ या शब्दांचाही हिशेब द्यायला हवा. जीपीआयचं यश बघून न्यू जर्सीतल्या ट्रेंटन रुग्णालयाचे हेन्री कॉटन यांनी ठरवलं की सगळ्याच वेडामागे कुठेतरी लपलेला संसर्ग असणार. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, मग आतड्याचे भाग काढायला सुरुवात केली. बरे झाल्याचे मोठमोठे आकडे छापले. अनेक रुग्ण टेबलावर किंवा नंतर दगावले. उपमेवरून उपचार केले की असं होतं. आज तुम्ही आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणार असाल तर करा, विषय चांगला आहे. फक्त तुमचा पुरावा तुमच्या आकड्यांतून येऊ द्या, नोगुचीच्या सूक्ष्मदर्शकातून उसना आणू नका.

हे सगळं इतिहासापुरतं असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. मनोविकार विभागात आलेल्या रुग्णाची व्हीडीआरएल करण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे, आणि विद्यार्थी ‘मनोरुग्णांतील सिफिलिसचे प्रमाण’ असा सोपा, कमी खर्चाचा विषय म्हणून तिच्याकडे बघतात. एक मनातला हिशेब करा. १००० रुग्ण. समजा खरोखर संसर्ग असलेले १० आहेत. जुन्या सिफिलिसमध्ये ही चाचणी बऱ्याचदा चुकते, म्हणून त्यातले ७ सापडले असं धरू. उरलेल्या ९९० जणांत शंभराला दोन या दराने चुकीचा पॉझिटिव्ह निकाल आला तर झाले २०. एकूण पॉझिटिव्ह २७, खरे ७. चारातला एक. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण तुमच्या आकड्यांनी करून बघा, चित्र फार बदलत नाही. चुकीचा पॉझिटिव्ह कशाने येतो? गर्भारपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, म्हातारपण. बैलाच्या हृदयाची हकिगत आठवा, प्रतिपिंडं आपल्याच मेदाविरुद्धची आहेत. आणि यादीतलं शेवटचं नाव ऐका: क्लोरप्रोमाझिन. मनोविकारावरचं हे जुनं औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत नेमकी तीच प्रतिपिंडं तयार होतात. उपचारच चाचणी बिघडवतो आणि मग आपण ‘मनोरुग्णांत सिफिलिसचं प्रमाण जास्त’ असा निष्कर्ष छापतो.

म्हणून टीपीएचए करायची, जी खुद्द त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ती पॉझिटिव्ह आली तर कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच कळतं, कारण ती बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. शिवाय याच जंतूचा भाऊबंद असलेल्या यॉजमध्येही ती पॉझिटिव्ह येते. यॉज शरीरसंबंधातून पसरत नाही. आपल्या राज्याच्या आदिवासी भागातही तो होता. देशाने तो संपल्याचं २००६ मध्ये जाहीर केलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केलं, पण लहानपणी यॉज झालेली माणसं अजून आपल्यात आहेत. गडचिरोलीतून आलेल्या सत्तरीच्या आजीचा रिपोर्ट वाचताना हे माहीत हवं. मेंदूवर परिणाम आहे का, हे ठरवायला कण्यातलं पाणीच तपासावं लागतं. आणि तेही जुळलं तरी आजचा मनोविकार त्यामुळेच आहे का, हा प्रश्न उरतोच. सिफिलिस झालेल्या माणसाला साधं नैराश्यही येऊ शकतं.

सिनॉप्सिसमध्ये हा विषय घेणार असाल तर पद्धतीच्या भागात एक गोष्ट आधी लिहा: पहिला निकाल पॉझिटिव्ह आल्यावर आणि दुसरा येण्याआधी, रुग्णाला आणि नातेवाइकांना कोण, काय सांगणार. वॉर्डात रुग्ण बाई असेल आणि केसपेपरवर नुसतं ‘व्हीडीआरएल पॉझिटिव्ह’ असेल, तर तो कागद सासरच्यांच्या हातात आधी पडतो, आणि नवऱ्याची तपासणी बहुतेक वेळा झालेलीच नसते.